बटेरांच्या आंघोळीची माती

बटेराच्या पिल्लांना आंघोळ लागते आणि तीही मातीची, हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं. तोवर मी माती फक्त झाडून काढत होते. आमच्या कवठे महांकाळच्या बाजूला धुळीला काही कमी नाही. सकाळी झाडलेल्या कट्ट्यावर दुपारी बोटानं नाव लिहिता येतं. असं असून पाटीभर चांगली धूळ मिळवण्यासाठी आम्ही नवराबायको मोटारसायकलवरून पार जत तालुक्यात जाऊन आलो, हे माझ्या माहेरी अजून कुणाला खरं वाटत नाही.

पण आधी नवऱ्याचं सांगते. चारचौघांत मी त्यांना 'हे' म्हणते, इथंही तसंच म्हणेन. हे फौजेत होते, त्यामुळं आमचा संसार सगळा सुट्टीतला. यायचे, आल्या आल्या पत्रे बदलायचे, विहिरीवरची मोटर खोलून बसायचे, आणि आता माणूस जरा घरात रुळला म्हणेपर्यंत निघायचे. पेन्शनीत आले तेव्हा मला वाटलं, झालं, आता कायमचे घरी. तर पुण्यातनं ह्यांच्या पलटणीतल्या एका दोस्ताचे फोन सुरू झाले. तिथं एका कंपनीत सिक्युरिटीचं काम होतं, राहायला खोली होती, वर्दीसुद्धा होती. गावात बसून काय करणार, ये इकडं, म्हणायचा.

ह्यांनी त्याला सांगितलं, "थोडा थांब. बटेरं पाळून बगतो. जमलं तर ऱ्हातो, न्हाई तर आलोच."

म्हणजे पिल्लं जगली तर नवरा घरात, नाही जगली तर पुण्यात. इतकं सरळ होतं, आणि मला नवरा घरात हवा होता. यात लाजण्यासारखं काही नाही. अर्धं आयुष्य फोनवर बोलून काढलं की बाईला समोरासमोर भांडायची फार हौस असते.

तशी भांडायची संधी ह्यांनी लगेच दिली. आल्याच्या पहिल्याच आठवड्यात दारातल्या कडुनिंबाच्या बुंध्याला खाली गेरू आणि वर चुन्याचा पट्टा मारला. मग नारळाला मारला. मग गोठ्याच्या खांबांना. फौजेत झाडं अशीच रंगवतात म्हणे. माझ्या सासूबाई, ज्यांना आमच्याकडच्या रीतीप्रमाणं मी आत्या म्हणते, त्या म्हशीला म्हणाल्या, "जरा लांब हुबी ऱ्हा बाई, न्हाईतर तुलाबी पट्टा मारंल त्यो."

द्राक्षाची बाग वाट्यानं दिलेली होती, पण बेदाणा वाळवायचं जुनं शेड आमच्याकडंच होतं. द्राक्षाचा हंगाम सोडला तर ते रिकामंच पडून असायचं. तेच ह्यांनी धुऊन-पुसून काढलं, बारीक जाळी ठोकली आणि सांगलीजवळच्या एका हॅचरीतून खोकं भरून पिल्लं आणली. अंगठ्याएवढी, पाठीवर काळे-पिवळे पट्टे, आणि पळायला अशी की नजर ठरत नाही. बल्बखाली सगळी गोळा होऊन बसली की शेडात नुसता चिवचिवाट. आत्या त्यांना बटेर म्हणायच्या नाहीत. रानात दिसतात त्याच ह्या लावऱ्या, घरात कशाला आणल्यात, असं त्यांचं म्हणणं. पण दिवसातून चार चकरा त्यांच्याच व्हायच्या.

हे पिल्लांशी हिंदीत बोलायचे. हुकूम द्यायची भाषा ह्यांना तेवढीच येते. "चलो चलो, पानी पियो! ए, लाईन मत तोडो!" मी भाकरी थापता थापता ऐकायचे आणि हसायचे. घरात ज्या माणसाचा आवाज चहा मागण्यापुरता निघायचा, तो माणूस पाखरांच्या शेडात तास न् तास बोलत बसला होता. मला त्या पिल्लांचा हेवा वाटायला हवा होता, पण नाही वाटला. बोलतोय ना, मग कुणाशी का असेना.

पिसं फुटायला लागली तशी पिल्लं बिघडली. अंग फुगवून कोपऱ्यात बसायची, स्वतःचीच पाठ चोचीनं कुरतडायची, एकमेकांच्या शेपटीची पिसं उपटायची. ह्यांची झोप उडाली. शेवटी हॅचरीवाल्याला व्हिडिओ कॉल लावून सगळं दाखवलं.

"आवं, ह्यास्नी आंघूळ घातली का न्हाई?" त्यानं विचारलं.

आंघोळ म्हटल्यावर ह्यांचा चेहरा खुलला. स्वच्छता हा ह्यांचा हातखंडा. उठलेच बादली आणायला.

"पाणी न्हाई, पाणी न्हाई!" फोनमधनं तो ओरडला. "मातीची आंघूळ. थाळ्यात कोरडी, मऊ माती ठेवा, त्यातच लोळत्यात. पिसाचं तेल साफ हुतं, किडं जात्यात. पर बारकी हायती, लोळत्यात कमी आन् खात्यात जास्त, म्हणून जरा वेळच ठेवायची आन् उचलायची. आणि औषधाची माती नको बरं का."

आम्ही तिघांनीही हो हो म्हटलं. माती काय, दारात पडलीय, असं आम्हाला वाटलं.

ह्यांनी मात्र दारातली माती नाकारली. त्यात जंतू असतात. ओढ्याची वाळू चाळून आणली, आणि मी दुपारी शेडात जाऊन बघते तर थाळ्यात पांढरंशुभ्र काहीतरी पसरलेलं, आणि पिल्लं त्यात एक पाय उचलून उभी. डोळे मिटलेले.

"ह्यात काय घातलंय?"

"चुना," हे अभिमानानं म्हणाले. "म्हंजी जंतू खलास."

मी काय बोलले ते सगळं इथं लिहिण्यासारखं नाही. घराला चुना लावताना माझी बोटं किती वेळा सोलपटली आहेत ते ह्यांना कुठून माहीत असणार, सुट्टी संपल्यावर भिंती मीच रंगवायचे. आम्ही दोघांनी मिळून एकेक पिल्लू हातात घेतलं, ओल्या फडक्यानं पाय पुसले, कोरडे केले, पुन्हा बल्बखाली सोडलं. पाय लाल झाले होते, पण निभावलं. ह्यांनी थाळा उचलला आणि उरलेला चुना गुपचूप नारळाच्या पट्ट्यावर मारून टाकला.

मग माझ्या माहेरानं उडी घेतली. माझा धाकटा भाऊ सांगलीत हळदीच्या पॉलिशवर कामाला आहे. हळकुंडं मोठ्या पिंपात गरागरा फिरवून चकचकीत करतात, तेव्हा त्यांच्या सालीची बारीक भुकटी खाली पडते. त्या भुकटीचं पोतं डोक्यावर घेऊन तो एष्टीतनं उतरला आणि तिथूनच ओरडत आला.

"दाजी, हळदीइतकं चांगलं कायबी न्हाई बगा! जखमंला हळद, खोकल्याला हळद, लग्नाला हळद. मग पाखरानं काय घोडं मारलंय?"

मला ते शंभर टक्के पटलं. मी हळदीच्या पेठेत वाढलेली. आमच्या घरी मधमाशी चावली काय आणि परीक्षा असली काय, आई कपाळाला नाही तर पोटात हळदच देणार. आम्ही थाळा भरून ठेवला. आणि खरं सांगते, पिल्लांना ती इतकी आवडली की विचारू नका. एक गेलं, त्यानं पायानं उकरलं, कुशीवर पडलं, पंख फडफडवले; मग दुसरं त्याच्या अंगावर, तिसरं त्याच्या. क्षणात शेडात पिवळा धुरळा. आतलं काही दिसेना. मग त्या धुरळ्यातनं एक बारीकसा आवाज आला. फिच्. पुन्हा, फिच्, फिच्. पिल्लं शिंकत होती. मग भाऊ शिंकला. मग हे शिंकायला लागले ते थांबेनात.

थाळा बाहेर ओढला, जाळ्या उघडल्या, धुरळा खाली बसला. बघतो तर एकूण एक पाखरू पिवळंधमक. चोच पिवळी, पाय पिवळे, पापण्या पिवळ्या. ह्यांच्या मिशा पिवळ्या. आत्या दारात येऊन उभ्या राहिल्या, सगळ्यांकडं एकदा नीट बघितलं आणि म्हणाल्या, "हळद तर झाली. आता नवरी कंची ते तेवढं सांगा."

ह्यांना हसू फुटलं. साधं नाही, भिंतीला टेकून, पोट धरून, डोळ्यांतनं पाणी येईपर्यंत. मी हातातलं फडकं तसंच धरून त्यांच्याकडं बघत राहिले. फोनवर हे हसायचे, नाही असं नाही, पण रेंज जायची, नाही तर कुणीतरी हाक मारायचं. असं शेवटपर्यंत हसलेलं मी कधी बघितलंच नव्हतं. फार आनंद झाला मला. भावाला त्या दिवशी मी कोंबडीचा रस्सा करून घातला.

भावानं शिंकत शिंकत मोबाईलवर व्हिडिओ काढला होता; तो हॅचरीवाल्याला पाठवला तर तो म्हणाला, इतकी बारीक भुकटी नको, नाकातनं छातीत जाते. पिल्लं पुढं बरेच दिवस पिवळीच राहिली.

आता आत्यांची पाळी. "तुमाला काय बी कळत न्हाई," म्हणत त्यांनी बागेच्या कडेची माती आणली. काय माती होती ती! काळी, वाळून मऊसूत झालेली, खडा नाही, ढेकूळ नाही. ना चुन्यासारखी जाळणारी, ना हळदीसारखी उडणारी. आमची स्वतःची माती. पिल्लं लोळली, अंग झटकून उठली, शिंकली नाहीत. त्या रात्री आम्ही तिघंही समाधानानं जेवलो.

दोन-तीन दिवसांनी सकाळी हे शेडातनं आले आणि कट्ट्यावर बसले. दोन पिल्लं आडवी झाली होती. पाय वर, पिसांवर अजून हळदीचा रंग. बाकीच्यांतली काही मलूल होती. मी त्या दोघांना दारातल्या कडुनिंबाखाली पुरलं. हे आलेसुद्धा नाहीत. फौजेतला माणूस, काय काय बघितलेला, आणि दोन मुठीएवढ्या पाखरांपुढं असा बसून राहिला.

नेमका तेव्हाच दोस्ताचा फोन आला. मी आतनं ऐकत होते.

"व्हय... न्हाई रं, काय खरं दिसंना हिकडं... बगतो, दोन-चार दिवसांत सांगतो तुला."

मला इतका राग आला! कुणाचा ते कळेना. पिल्लांचा, दोस्ताचा, ह्यांचा, सगळ्यांचाच. मी तिरमिरीत उठले, शेडातला थाळा उचलला आणि बागेच्या बांधाकडं निघाले, ती माती होती तिथं फेकून द्यायला. बांधावर पोचले तर शेजारच्या बागेत ट्रॅक्टरचा ब्लोअर चालू. छाटणीनंतरचे दिवस, फवारणी रोजचीच. औषधाचं धुकं वेलींवरनं उठून वाऱ्यानं बांधावर येत होतं आणि मी उभी होते त्याच मातीवर बसत होतं. माझ्या तोंडावर पदर होता. तो मी कधी घेतला तेही मला आठवत नव्हतं, इतकी ती सवय अंगवळणी पडलेली.

मी मूठभर माती उचलून बघितली. बारीक बारीक निळसर कण. मोरचूद, द्राक्षावर मारतात तेच.

औषधाची माती नको, असं तो माणूस म्हणाला होता आणि आम्ही तिघांनीही माना डोलावल्या होत्या. पण औषध म्हणजे आमच्या लेखी द्राक्षाचं. ते वेलीवर पडतं, पानावर पडतं, घडावर पडतं. खालच्या मातीवरही पडतं हे आमच्यातल्या कुणाच्या डोक्यातसुद्धा आलं नाही. पिल्लं त्यानंच गेली असं छातीठोकपणे मी सांगणार नाही, मी काही डॉक्टर नाही. पण थाळा मी रिकामा करून, घासून आणला आणि ह्यांच्या पुढ्यात आदळला.

"उठा. माती शोधायची हाय."

म्हणणं सोपं होतं. आत्यांनी चुलीची राख सुचवली, पण चुलीत जळतं काय, तर द्राक्षाच्याच काड्या. राख बाद. कडेगावला माझी मावशी आहे, तिला फोन लावला. "मावशी, तुमच्याकडं औषध न मारलेली माती मिळंल का?" तिकडं सगळा ऊस, उसात तणनाशक. ती म्हणाली, "बाई, आमच्यात औषध न मारलेलं माणूससुद्धा मिळायचं न्हाई." ओढ्याची वाळू नुसती खरबरीत, अंगाला मऊ माती हवी; विकतची बघितली, तर तिच्यात सिमेंटच्या दुकानातलं काय काय मिसळलेलं. शेवटी मीच म्हटलं, जतकडं जाऊ. तिकडं पाऊस पडला तर पीक, नाही तर टँकर. फवारायला पाणी आणणार कुठून?

हे म्हणाले, "माती आणाय जतला जायाचं?" पण बोलता बोलता गाडी पुसायला घेतली होती.

लग्नाला, दवाखान्याला, मयताला आम्ही दोघं गाडीवरनं गेलो होतो. पण नुसतं आपलं आपण कुठं जाणं, हे पहिल्यांदाच. मी ठेवणीतली साडी नेसले. माती आणायला कोण ठेवणीतली साडी नेसतं, असं आत्यांच्या डोळ्यांत दिसलं. वाटेत आम्ही भजी खाल्ली. हे गाडी चालवतात ती मागं सगळी पलटण येत असल्यासारखी, प्रत्येक वळणाला हात दाखवत. बागा मागं पडल्या, मग हिरवं विरळ झालं, मग नुसती शाळू ज्वारी आणि माळ. वाऱ्याला औषधाचा वास नव्हता. मी ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला होता आणि मला वाटत होतं, माती अजून थोडी लांब मिळाली तरी चालेल.

एका वस्तीवर थांबलो. लिंबाच्या झाडाखाली एक म्हातारी शाळूची कणसं निवडत बसली होती. अंगणात मेंढरांचा वाडा, चार कोंबड्या.

"राम राम मावशी," मी म्हटलं. "जरा माती पायजे हुती."

"मण्णु?" तिनं मान वर केली. तिकडची माणसं कानडी-मराठी एकातच बोलतात. "माती? माज्या रानातली? कशाला गं यव्वा?"

"पाखरांच्या आंघोळीला."

तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं, माझी साडी बघितली, ह्यांच्या मिशा बघितल्या आणि तिचा चेहराच बदलला. "करणी करताय व्हय रं? लांबच्या गावचं येत्यात, रानातली माती नेत्यात, आन् मग हितं मेंढरं मरत्यात. जावा, जावा!"

हे एकदम सावधान उभे राहिले. सीमेवर उभा राहिलेला माणूस म्हातारीपुढं पार गांगरला. मग मला सुचलं. मी मोबाईल काढला आणि तिला तो हळदीचा व्हिडिओ दाखवला. पिवळा धुरळा, फिच् फिच्, पिवळी पाखरं, पिवळ्या मिशांचे हे. म्हातारी आधी डोळे बारीक करून बघत होती, मग तिनं मोबाईल हातातच घेतला.

"भंडारा खेळली व्हय ही पाखरं?" आणि ती जी हसायला लागली! "यव्व यव्व यव्व! देवाच्या जत्रंत बी कुणी येवडं पिवळं हुत न्हाई!" तिनं तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा लावायला सांगितला.

माती द्यायला ती तयार झाली. पण एक अट होती. पहिली ओंजळ ती स्वतःच्या हातानं घालणार. रानाची माती घरच्या बाईनं आपल्या हातानं दिली की ती दान होते, मग करणी लागत नाही, असं तिचं म्हणणं. आम्हाला काय, कबूल.

लिंबाखाली कोंबड्यांनी लोळून लोळून खळगे केले होते. हे तिथंच फावडं घालायला निघाले, पण तिथं लेंड्या होत्या, कोंबड्यांची घाण होती. कोंबडीचे रोग बटेराला लागतात हे हॅचरीवाल्यानं आधीच सांगून ठेवलं होतं. मग आम्ही पार टोकाच्या बांधापर्यंत चालत गेलो. तिथं बाभळीखाली चिमण्यांनी केलेले बशीएवढे खळगे दिसले.

"हितं कवा औषध मारलेलं, मावशी?"

"औषध?" म्हातारी म्हणाली. "मला गुडघ्याला चोळाय मिळंना, रानाला कुठलं मारू?"

तिनं पहिली ओंजळ पोत्यात घातली, काहीतरी कानडीत पुटपुटली, आणि मग हे भरू लागले. निघताना तिनं आम्हाला शाळूचा हुरडा खायला घातला. दोन पोती माती, मध्ये मी, पुढं हे, असे आम्ही परत आलो. पाठीला पोतं टोचत होतं आणि मी गाणं म्हणत होते.

इतकं करून आणलेल्या मातीलाही आत्यांनी नावं ठेवली. "कच्ची माती घालणार? आतल्या किड्याचं काय?" त्यांनी माती चाळली, लोखंडी कढई चुलीवर ठेवली आणि फुटाणे भाजावेत तशी घाण्या-घाण्यानं भाजून काढली. वासानं शेजारीण आली. काय भाजताय, म्हणाली. आत्या म्हणाल्या, "माती." शेजारणीनं माझ्याकडं बघितलं, कढईकडं बघितलं आणि दही मागायला आलेली ती तशीच परत गेली.

माती गार झाल्यावर मी मुठीत घेऊन सोडून बघितली. खाली पडली, तरंगली नाही. दाबली तर गोळा झाला नाही. त्यात थोडी धुतलेली, वाळवलेली वाळू मिसळली. मोठ्या परातीत घालून शेडात ठेवली आणि आम्ही तिघंही जाळीबाहेर उभे राहिलो.

बराच वेळ एकही पाखरू आलं नाही. मग एक आलं. काठावरनं डोकावलं, आत उतरलं, दोनदा टोचून बघितलं, पायानं उकरलं आणि एकदम कुशीवर आडवं झालं. पंखानं माती पाठीवर उडवली, मान घासली, पाय ताणले, डोळे अर्धे मिटले. मग सगळ्यांची झुंबड उडाली. एक उठतंय तोवर दुसरं घुसतंय, कुणी कुणाच्या डोक्यावर. माझं मनगट ह्यांनी घट्ट धरलं होतं, आत्या शेजारी असूनसुद्धा.

त्यानंतर पिल्लं सुधारली. कुरतडणं थांबलं, पिसं गुळगुळीत झाली, एकही आडवं झालं नाही. आता ती मोठी झाली होती, म्हणून माती दिवसभर शेडातच असायची; अडचण एकच राहिली. परातीचे काठ बुटके, त्यामुळं संध्याकाळपर्यंत निम्मी माती शेडभर. जतवरनं आणलेली, कढईत भाजलेली माती अशी पायदळी! उंच काठांचं काहीतरी हवं होतं, पण आत शिरायला खालनं वाट असलेलं. मी खोकी बघितली, ती मऊ पडायची. डबे बघितले, ते अरुंद.

एके सकाळी मी गोठ्यात होते तर घरातनं लोखंड फरफटत आणल्याचा आवाज आला. बघते तर हे फौजेची काळी ट्रंक अंगणात ओढत आणत होते. ती ट्रंक लग्नापासून आमच्या कॉटखाली. सुट्टीवर आले की उघडायची, वरचे दोन कपडे काढायचे, खालच्या घड्या तशाच. पेन्शनीत आल्यावरही ह्यांनी ती रिकामी केली नव्हती. मी रोज तिच्याभोवतीनं झाडून घ्यायचे. आज आत जाऊन बघितलं तर सगळे कपडे कॉटवर ढीग करून ठेवलेले.

बाहेर आले तोवर ह्यांनी पत्रा कापायची कात्री काढली होती. ट्रंकेच्या एका बाजूला खडूनं आखून त्यांनी कापायला सुरुवातच केली.

"आवं, काय करताय! भोक पाडल्यावर परत सामान कशात भरायचं?"

"परत कशाला?" हे मान वर न करता म्हणाले. "दोस्ताला सकाळीच सांगून टाकलंय, माजी वाट बगू नगो म्हणून."

पाखरू जाईल एवढं दार कापून झालं. पाखरांना लागू नये म्हणून हे कापलेल्या कडा हातोडीनं आतल्या बाजूला दुमडत बसले. ठक् ठक् ठक्. मी तिथंच खाली बसले आणि रडायला लागले. आनंदानं रडतात म्हणतात ना, तेच. मला त्यात काही लपवायचं नाही.

आवाजानं आत्या आल्या. त्यांनी ट्रंक बघितली, भोक बघितलं, मला बघितलं. मला वाटलं, आता चांगल्या वस्तूची नासाडी केली म्हणून बोलणार. त्यांनी वाकून ट्रंकेत हात घालून तळ चाचपला.

"बरं केलंस रं," त्या म्हणाल्या. "दर खेपंला ह्यात लाडू भरताना माजा हातच चालायचा न्हाई."

दुपारी ट्रंक शेडात गेली, तिच्यात माती पडली आणि पाखरं दारातनं एकेक करून आत शिरली. हे हात धुऊन घरात आले, कॉटवरचा कपड्यांचा ढीग दोन्ही हातांनी उचलला आणि तसेच माझ्यापुढं येऊन उभे राहिले.

"कपाटात येखादा कप्पा हाय का रिकामा?"

मी माझ्या साड्या खाली हलवल्या आणि मधला कप्पा त्यांना दिला.